बाहेरून आलेले पॅच सांभाळायला गिट कितपत कामाचं? एएम, रीरीरी आणि रेंज-डिफ वापरून लिहिलेला रिव्ह्यू

ओपन सोर्स प्रोग्रामिंग लँग्वेजच्या प्रोजेक्टमध्ये जे लोक (मेंटेनर) दुसऱ्यांनी पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, बघतात, तपासतात, रिबेस करतात म्हणजे ताज्या कोडवर परत बसवतात, आणि शेवटी मुख्य कोडमध्ये मर्ज करतात त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. रिव्ह्यू कशाचा, तर कोडची हिस्ट्री सांभाळणाऱ्या गिट या टूलमध्येच आधीपासून असलेल्या तीन-चार कमांडचा, ज्या बहुतेकांच्या मशीनवर नुसत्या पडून असतात, कुणी कधी चालूच केलेल्या नसतात. मी एका कंपायलरच्या पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) आणि बाइटकोडच्या (कोडवरून बनणाऱ्या, इंटरप्रिटर चालवतो त्या सूचना) भागात येणारे पॅच सांभाळते, या कमांड रोजच्या वापरातल्या आहेत, त्यामुळे खाली जे चांगलं-वाईट लिहिलंय ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी माझी फूटपट्टी सांगते म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल. माझं ठाम मत आहे की मेन ब्रँच, म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य कोड, पुढे गेली म्हणून एखादा पॅच लागत नसेल तर तो परत लागेल असा करून घेणं हे प्रोजेक्टचं काम आहे, पॅच देणाऱ्याचं नाही. त्याने ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी तो व्यवस्थित लागत होता, टेस्ट पास होत्या, मग आपणच महिनोन्महिने त्याच्याकडे बघितलं नाही, मधल्या काळात आपल्याच माणसांनी त्या फाइलमध्ये ढवळाढवळ केली, आणि आता त्यालाच "कृपया रिबेस करा" असं एका ओळीत सांगून मोकळं व्हायचं, हे मला अजिबात पटत नाही. माणूस एकदा करतो, दुसऱ्यांदा करतो, तिसऱ्यांदा गप्प होतो आणि चांगला पॅच पडून पडून कुजतो. आता हे पण खरंय की मेंटेनर मोजके, पॅच ढीगभर, प्रत्येकाचा रिबेस हाताने करत बसलं तर दुसरं काही होणारच नाही. म्हणून टूल चांगलं की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते, की हे काम मेंटेनरने स्वतः करायचं म्हटलं तर ते टूल त्याचे किती कष्ट वाचवतं.

लँग्वेजच्या प्रोजेक्टमध्ये हा त्रास जरा जास्तच असतो. साधं एखादं नवीन सिंटॅक्स घालायचं म्हटलं तरी लेक्सर, ग्रामर, एएसटी (कोडच्या रचनेचं झाड), कोड जनरेशन, एरर मेसेज, स्टँडर्ड लायब्ररी, डॉक्युमेंटेशन आणि टेस्ट एवढ्या सगळ्याला हात लागतो. त्यात गंमत अशी की दोन पॅचचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो तरी ते भांडतात, कारण दोघांनाही एकाच यादीच्या शेवटी आपली ओळ टाकायची असते. कीवर्डची यादी, ऑपकोडची (बाइटकोडमधल्या सूचनांची) यादी, एरर कोडची यादी, बिल्डमधली फाइलची यादी, सगळीकडे शेवटीच भर पडते आणि तिथेच कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कुठला बदल ठेवायचा ते गिटला ठरवता येत नाही. म्हणजे बहुतेक कॉन्फ्लिक्ट विचारांचे नसतात, जागेचे असतात, आणि जागेचे कॉन्फ्लिक्ट सोडवायला डोकं फार लागत नाही, चिकाटी लागते. अशा ठिकाणी मशीनने मदत करायलाच हवी.

पहिली कमांड म्हणजे गिट एएम, मेलने किंवा फाइल म्हणून आलेला पॅच ब्रँचवर चढवणारी. हिची किंमत कळायची असेल तर जुनं कसं चालायचं ते आठवा. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी पॅच नावाचा प्रोग्राम लिहिला, तेच वॉल ज्यांनी पुढे १९८७ मध्ये पर्ल ही लँग्वेज आणली, आणि त्या प्रोग्राममुळे पूर्ण फाइल न पाठवता नुसता फरक पाठवायची सोय झाली. तो प्रोग्राम आजही चालतो. पण त्यात फझ नावाचा प्रकार आहे, आजूबाजूच्या ओळी तंतोतंत जुळल्या नाहीत तर कडेच्या ओळी सोडून देऊन तो जागा शोधतो, डीफॉल्टने दोन ओळींपर्यंत. बऱ्याचदा बरोबर जागा सापडते. पण लँग्वेजच्या कोडमध्ये एकसारखे दिसणारे केस-ब्लॉक एकाखाली एक शेकड्याने असतात, एक केस, दोन ओळी, ब्रेक, परत एक केस, तिथे दोन ओळी सोडून दिल्या तर पॅच भलत्याच केसमध्ये जाऊन बसू शकतो आणि वर कंपाइलही होतो. गिट असा फझ स्वतःहून करत नाही, ओळी वरखाली सरकल्या असतील तर चालवून घेतो पण आजूबाजूचा मजकूर जुळलाच पाहिजे, नाहीतर सरळ नकार देतो. हा कडकपणा मला आवडतो.

नकार दिल्यावर काय करायचं, तर थ्री-वे. गिटने बनवलेल्या पॅचमध्ये प्रत्येक फाइलच्या वर इंडेक्स म्हणून एक ओळ असते आणि तिच्यात ती फाइल बदलण्याआधी कशी होती त्या ब्लॉबचा (गिटने साठवलेल्या मजकुराचा) हॅश, म्हणजे ओळखीचा आकडा, असतो. लोक ती ओळ बघतही नाहीत. पण एएमला थ्री-वेचा ऑप्शन दिला की तो हॅश वापरून गिट जुनी फाइल आपल्या रेपोमधून (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यातून) शोधून काढतो, तिच्यावर पॅच लावतो, आणि मग नेहमीसारखा तीन बाजूंचा मर्ज करतो, म्हणजे रिजेक्ट झालेल्या तुकड्यांची वेगळी फाइल उघडून हाताने कॉपी-पेस्ट करायची पाळी येत नाही, नीट मार्कर लावलेला कॉन्फ्लिक्ट समोर येतो. कॉन्फिगमध्ये एएमचं थ्री-वे कायमचं ट्रू करून टाका, डीफॉल्टने ते का नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकच अट, तो जुना ब्लॉब तुमच्या रेपोमध्ये असायला हवा. पॅच देणाऱ्याने स्वतःच्या खाजगी कमिटवर (कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल) पॅच बनवला असेल तर ब्लॉब मिळत नाही आणि मग परत जुनेच हाल. त्यासाठी पॅच फाइल बनवणाऱ्या फॉरमॅट-पॅच कमांडमध्ये बेस लिहायची सोय आहे, पॅचच्या शेवटी बेस-कमिट अशी एक ओळ येते आणि नेमक्या कुठल्या कमिटवर हा बनवला ते कळतं. प्रोजेक्टच्या कॉन्ट्रिब्युटिंग गाइडमध्ये एवढी एक गोष्ट लिहिली तरी मेंटेनरचा बराच वेळ वाचतो.

एएमबद्दल अजून एक महत्त्वाची गोष्ट, ती लेखकाचं नाव आणि तारीख जशीच्या तशी ठेवते. गिटमध्ये ऑथर वेगळा आणि कमिटर वेगळा असतो, पॅच मी चढवला तर कमिटर मी, पण ऑथर ज्याने लिहिला तोच. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण मेंटेनर जेव्हा पॅच लागत नाही म्हणून बदल हातानेच परत टाइप करतात आणि आपल्या नावाने कमिट करतात तेव्हा पहिल्यांदाच पॅच पाठवलेल्या माणसाचं नाव हिस्ट्रीतून पुसलं जातं, आणि मग तो माणूस परत फिरकत नाही. हातानेच करायची वेळ आली तरी कमिट करताना ऑथरचा ऑप्शन देऊन त्याचं नाव घालता येतं, दोघांचंही काम असेल तर को-ऑथर्ड-बाय ही ट्रेलरची (कमिट मेसेजच्या शेवटची) ओळ आहे. याला वेळ लागत नाही, त्यामुळे सबबही चालत नाही.

आता रीरीरी. गिटचे मेंटेनर जुनिओ हमानो यांनी २००६ मध्येच हे गिटमध्ये आणलं, म्हणजे गिट सुरू झाल्यावर वर्षाच्या आतबाहेर, आणि तरीही रोज गिट वापरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं. काम असं की तुम्ही एखादा कॉन्फ्लिक्ट एकदा सोडवलात की ते उत्तर तो लक्षात ठेवतो, आणि तोच कॉन्फ्लिक्ट परत आला की आपोआप तेच उत्तर लावतो. चालू करायला कॉन्फिगमध्ये रीरीरी एनेबल्ड ट्रू, बास. आतमध्ये गिटच्या फोल्डरमध्ये आरआर-कॅश नावाचं एक फोल्डर तयार होतं, त्यात प्रत्येक कॉन्फ्लिक्टसाठी एक प्रीइमेज आणि एक पोस्टइमेज, म्हणजे भांडण कसं होतं आणि मिटलं कसं. ओळखायची पद्धत पण हुशार आहे, कॉन्फ्लिक्टच्या दोन बाजूंचा मजकूर घेऊन त्याचा हॅश काढतो, आणि कुठली बाजू वर कुठली खाली याला महत्त्व देत नाही, त्यामुळे मर्जमध्ये सोडवलेला कॉन्फ्लिक्ट रिबेसमध्ये उलटा होऊन आला तरी ओळखतो.

मोठ्या पॅचसाठी हे फार उपयोगी पडतं. समजा पॅटर्न मॅचिंगसारखं एखादं मोठं फीचर आहे, वीस-पंचवीस कमिटची मालिका, चर्चा लांबणार हे नक्की, आणि तोवर दर आठवड्याला मेनवर रिबेस करत राहायचं. पाचव्या कमिटमध्ये ऑपकोडच्या यादीत कॉन्फ्लिक्ट, नवव्यात तीच यादी, चौदाव्यात परत तीच. रीरीरी नसेल तर एकच भांडण दर आठवड्याला नव्याने सोडवायचं, असेल तर जे आधी सोडवलंय ते गिट स्वतः भरतो, वर कुठल्या फाइलमध्ये जुनं उत्तर वापरलं ते सांगतो, आणि तुमच्यासमोर फक्त खरोखर नवीन असलेले कॉन्फ्लिक्ट उरतात. याने रिबेस किती हलका होतो ते वापरल्याशिवाय कळणार नाही.

पण सावध राहावं लागतं. रीरीरीला तुमचं उत्तर बरोबर की चूक हे कळत नाही. उत्तर चुकीचं दिलं असेल तर तेच चुकीचं उत्तर तो दर वेळी तितक्याच इमानदारीने लावत राहतो. म्हणून ऑटो-अपडेट नावाचा जो ऑप्शन आहे तो मी बंदच ठेवा असं सांगेन, तो चालू असला की सोडवलेली फाइल आपोआप इंडेक्समध्ये (पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या बदलांत) जाते आणि तुमची नजरही पडत नाही. बंद असला की फाइल सोडवलेली मिळते पण ॲड तुम्हाला करावी लागते, आणि ॲड करायच्या आधी गिट डिफ मारून दहा सेकंद बघणं होतं. चुकीचं उत्तर साठलंय असं लक्षात आलं तर रीरीरी फरगेट आणि फाइलचं नाव, की तो ते विसरतो. आणि ही साठवण कायमची नसते, गिटची साफसफाई चालते तेव्हा सोडवलेली उत्तरं ६० दिवसांनी आणि न सोडवलेली १५ दिवसांनी उडतात. लँग्वेज प्रोजेक्टमध्ये पॅच सहज त्याहून जास्त दिवस रेंगाळतो, त्यामुळे ६० चा आकडा कॉन्फिगमधून वाढवून घ्या.

रीरीरीची खरी उणीव वेगळीच आहे. ही सगळी माहिती एका माणसाच्या एका मशीनवर राहते. पुश केली तरी जात नाही, क्लोन केली तरी येत नाही. एका मेंटेनरने डोकं लावून सोडवलेला कॉन्फ्लिक्ट दुसऱ्या मेंटेनरसमोर कोराच उभा राहतो. गिटच्या सोर्सबरोबर कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये रीरीरी-ट्रेन नावाची एक स्क्रिप्ट येते, ती आधी झालेले मर्ज कमिट परत करून बघते आणि त्यातली उत्तरं शिकून घेते, त्याने थोडं भागतं. पण जे प्रोजेक्ट मर्ज कमिट ठेवतच नाहीत, सगळं स्क्वॅश (सगळे कमिट मिळून एक) किंवा रिबेस करून सरळ रेषेत टाकतात, त्यांच्याकडे शिकायला काही उरतच नाही. दोन-तीन मेंटेनर मिळून पॅचची रांग सांभाळत असतील तर ही अडचण रोज जाणवते, आणि यासाठी मी रीरीरीचा एक स्टार कापते.

आता माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात भारी चीज, रेंज-डिफ. आधी टीबीडिफ नावाचं वेगळं टूल होतं, थॉमस रास्ट यांचं, त्यावरून योहानेस शिंडेलिन यांनी हे गिटमध्ये आणलं आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये २.१९ व्हर्जनबरोबर ते सगळ्यांना मिळालं. एकाच पॅच-मालिकेच्या दोन आवृत्त्या घ्यायच्या आणि त्यांच्यात काय फरक पडला ते दाखवायचं, एवढंच काम. जुन्या मालिकेतला कुठला कमिट नव्या मालिकेतल्या कुठल्या कमिटशी जुळतो हे तो स्वतः शोधतो, क्रम बदलला असेल तरी, आणि मग जुळलेल्या जोड्यांचा डिफचा डिफ दाखवतो. प्रत्येक जोडीच्या मध्ये एक चिन्ह असतं, बरोबरचं चिन्ह म्हणजे काही बदललं नाही, उद्गारचिन्ह म्हणजे बदललंय, डावीकडे बोट म्हणजे हा कमिट गेला, उजवीकडे बोट म्हणजे हा नवा आला.

एक उदाहरण देते. स्ट्रिंग लिटरलच्या लेक्सिंगमध्ये सुधारणा करणारी तीन कमिटची मालिका होती, पहिला लेक्सर, दुसरा पार्सर, तिसरा टेस्ट. रिव्ह्यू झाला, पॅच देणाऱ्याने बदल केले, मेनवर रिबेस केला आणि फोर्स-पुश केला, म्हणजे जुनी आवृत्ती पुसून नवी चढवली. वेबवर "मागच्या रिव्ह्यूनंतरचे बदल" उघडले तर मधल्या काळात मेनमध्ये आलेलं सगळं काही त्यात दिसत होतं, भलत्याच फाइल, भलतेच बदल, त्यात याने नेमकं काय बदललं हे शोधणं अशक्य. रेंज-डिफमध्ये तीन ओळी. पहिला कमिट बरोबर, म्हणजे त्याला हात लागलेला नाही, परत वाचायची गरज नाही. दुसरा बदललेला, आणि रिव्ह्यूमध्ये जे सांगितलं होतं तेवढंच बदललेलं, मस्त. तिसरासुद्धा बदललेला, आणि तिथे बाहेरच्या बाजूला वजा आणि आतल्या बाजूला अधिक असलेल्या ओळींचा एक गठ्ठा, म्हणजे पहिल्या आवृत्तीत हा पॅच ज्या ओळी घालत होता त्या दुसऱ्या आवृत्तीत तो घालतच नाही. ती एक अख्खी टेस्ट होती, फाइल संपली तरी स्ट्रिंग बंद झालेली नाही या केसची. टेस्टच्या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला असणार आणि सोडवताना ती गळाली. सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) हिरवंगार होतं, कारण नसलेली टेस्ट कधी फेल होत नाही. हे रेंज-डिफशिवाय कुणाच्याही नजरेत आलं नसतं, आणि नेमकी तीच केस लँग्वेज वापरणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात चावली असती.

वाचायला अवघड आहे हे मान्य. डिफचा डिफ म्हणजे ओळीच्या आधी दोन दोन चिन्हं, बाहेरचं चिन्ह आवृत्त्यांमधला फरक सांगतं आणि आतलं चिन्ह मूळ पॅचमधलं, आणि ही सवय व्हायला वेळ लागतो. टर्मिनलमध्ये रंग चालू ठेवून वाचा, रंगांशिवाय नवख्याने वाचूच नये. कधी कधी बदल खूप मोठा असला की जोडी जुळतच नाही, जुना कमिट गेला आणि नवा आला असं वेगवेगळं दाखवतो, अशा वेळी क्रिएशन-फॅक्टरचा आकडा वाढवायचा, डीफॉल्ट ६० आहे, ८०-९० केला की बहुतेक वेळा जोडी जमते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुनी आवृत्ती तुमच्याकडे हवी. फोर्स-पुश झाल्यावर जुनी टोकं हरवतात, म्हणून आलेल्या प्रत्येक आवृत्तीला मी लोकल टॅग लावते, पॅचचं नाव आणि व्ही१, व्ही२, मग सहा महिन्यांनीसुद्धा तुलना करता येते. मेलने पॅच पाठवणाऱ्यांसाठी तर फॉरमॅट-पॅचमध्ये रेंज-डिफ कव्हर लेटरमध्येच घालायची सोय आहे, रिव्ह्यू करणाऱ्याला काही करावंच लागत नाही. रेंज-डिफला पैकीच्या पैकी.

बारीक सेटिंगमधलं एकच सांगते, मर्जची कॉन्फ्लिक्ट स्टाइल झेड-डिफ-थ्री करा. नेहमीच्या मार्करमध्ये आपली बाजू आणि त्यांची बाजू दिसते पण मुळात काय होतं ते दिसत नाही, आणि ते माहीत नसेल तर कुणी काय बदललं हा नुसता अंदाज. झेड-डिफ-थ्रीमध्ये तेही दिसतं, आणि हे गिट २.३५ पासून आहे, जानेवारी २०२२. कमिट एकमेकांवर रचून चार-पाच ब्रँच ठेवत असाल तर रिबेसचा अपडेट-रेफ्स हा ऑप्शन पण बघा, त्या सगळ्या ब्रँच तो एकदम सोबत हलवतो, २.३८ पासून.

आता जिथे गिट हात वर करतो ते. पहिलं म्हणजे जनरेट केलेल्या फाइल. कितीतरी लँग्वेज प्रोजेक्ट ग्रामरवरून बनवलेला पार्सर रेपोमध्येच ठेवतात. सीपायथनचंच (पायथनचा मुख्य इंटरप्रिटर) घ्या, ३.९ पासून तिथे पेग पार्सर आहे, ग्रामरची एक फाइल माणसं लिहितात आणि त्यावरून हजारो ओळींची सी फाइल तयार होते, तीही रेपोमध्ये. दोन पॅचनी ग्रामरला हात लावला की त्या सी फाइलमध्ये कॉन्फ्लिक्टचा पाऊस. तो हाताने सोडवायला बसू नका, ग्रामरमधला कॉन्फ्लिक्ट सोडवा आणि फाइल परत जनरेट करा, सीपायथनमध्ये मेक रीजेन-ऑल आहे त्यासाठी. गिट ॲट्रिब्यूट्समध्ये अशा फाइलसाठी मर्ज बंद करून ठेवता येतो, मग गिट आत मार्कर घालत नाही, आपल्या ब्रँचची फाइल तशीच ठेवतो आणि फक्त कॉन्फ्लिक्ट आहे एवढं सांगतो. अशा फाइलवर रीरीरीची उत्तरं वापरणं तर धोक्याचंच.

दुसरं जास्त घातक, जिथे गिटला कॉन्फ्लिक्ट दिसतच नाही. एका पॅचने आतल्या एका फंक्शनचं नाव बदललं आणि सगळीकडचे कॉल बदलले, दुसऱ्या पॅचने जुन्या नावाने एक नवा कॉल घातला, दोन्ही वेगवेगळ्या फाइलमध्ये, मर्ज एकदम साफ, आणि बिल्ड मोडलेला. याहून वाईट म्हणजे आकडे. बाइटकोड बदलला की मॅजिक नंबर एकाने वाढवायचा असतो, म्हणजे जुन्या कंपाइल केलेल्या फाइल नवीन इंटरप्रिटर उचलत नाही. दोन पॅचनी वेगवेगळा बदल केला आणि दोघांनीही तोच पुढचा नंबर घेतला, तर दोन्ही बाजूंची ती ओळ अक्षरशः एकसारखी होते, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्या की गिटच्या मते भांडणच नाही, तो खुशाल मर्ज करतो. दोन वेगळे बाइटकोड, नंबर एकच. सीपायथनमध्ये यावर जो उपाय आहे तो मला फार आवडतो, प्रत्येक नंबरमागे कॉमेंटमध्ये एक ओळ लिहायची, हा नंबर कशासाठी वाढवला ते. दोन पॅचच्या त्या ओळी वेगळ्या असतात, त्यामुळे कॉमेंटमध्ये कॉन्फ्लिक्ट येतो आणि माणसाला थांबून बघावंच लागतं. ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये असे वाढते नंबर आहेत त्यांनी आजच ही पद्धत घ्यावी.

याच्या बरोबर उलट उदाहरणही सीपायथनचंच. तिथे बदलांची नोंद एकाच न्यूज फाइलमध्ये व्हायची, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पॅच त्या एका फाइलमध्ये दुसऱ्या प्रत्येक पॅचशी भांडायचा, एक मर्ज झाला की बाकीचे मोडले. २०१७ मध्ये गिटहबवर आल्यावर त्यांनी प्रत्येक नोंदीला वेगळी छोटी फाइल केली आणि रिलीजच्या वेळी ब्लर्ब नावाचं टूल त्या सगळ्या एकत्र करतं. रीरीरीने हजार वेळा सोडवण्यापेक्षा कॉन्फ्लिक्ट येणारच नाही अशी फाइलची रचना करणं कधीही चांगलं, आणि ज्या प्रोजेक्टमध्ये अजून एकच चेंजलॉग आहे त्यांनी कुठलंही टूल घ्यायच्या आधी हे करावं.

न दिसणाऱ्या कॉन्फ्लिक्टवर खरा उपाय मर्ज झाल्यानंतरचा कोड टेस्ट करणं हाच. पॅच स्वतःच्या ब्रँचवर पास झाला याला फारसा अर्थ नाही, आजच्या मेनशी मिळून पास होतो का ते बघायचं. रस्ट या लँग्वेजच्या प्रोजेक्टमध्ये बॉर्स नावाचा बॉट हेच करतो, रिव्ह्यूवाल्याने मंजुरी दिली की तो मेनबरोबर मर्ज करून सगळ्या टेस्ट चालवतो आणि पास झाल्या तरच मेन पुढे सरकते. टेस्टला खूप वेळ लागतो म्हणून छोटे, बिनधोक पॅच एकत्र बांधून रोलअप करतात. गिटहबनेही २०२३ मध्ये मर्ज क्यू, म्हणजे हेच काम करणारी रांग, ऑर्गनायझेशनच्या सार्वजनिक रेपोंसाठी खुली केली, त्यामुळे अशा लहान प्रोजेक्टलाही आता स्वतःचा बॉट चालवायची गरज नाही. लोक ज्याला पॅचची रांग सांभाळणं म्हणतात त्यातला हा भाग गिटच्या बाहेरचा आहे, पण तो नसेल तर बाकीचं सगळं लंगडं आहे.

जुन्या रिलीजमध्ये बॅकपोर्ट करण्याबद्दल थोडक्यात. एखादा कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर लावणाऱ्या चेरी-पिकला एक्सचा ऑप्शन द्यायची सवय लावा, मूळ कमिटचा हॅश मेसेजमध्ये लिहिला जातो आणि वर्षभराने कुठला फिक्स कुठे गेला ते शोधता येतं. आणि एखादा पॅच आधीच गेलाय का हे बघायला गिट चेरी आहे, ती हॅश न बघता पॅचचा मजकूर बघते, त्यामुळे रिबेस झालेलाही ओळखते, मात्र कॉन्फ्लिक्ट सोडवताना मजकूर बदलला असेल तर ओळखत नाही. सीपायथनमध्ये लेबल लावलं की बॉट स्वतः बॅकपोर्टची पुल रिक्वेस्ट बनवतो आणि जमलं नाही तर माणसाला सांगतो, ही सोय ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती सोडू नये.

क्विल्ट, म्हणजे पॅचचा गठ्ठा फाइल म्हणून सांभाळणारं वेगळं टूल, घ्यावं का असं विचारणारे असतात. तुम्ही मूळ प्रोजेक्टच्या बाहेर बसून आपले पॅच वर्षानुवर्षं वाहून नेत असाल, जसं डेबियन ही लिनक्स बनवणारे करतात, तर क्विल्ट उत्तम, पॅच फाइल म्हणूनच राहतात, सिरीज नावाच्या फाइलमध्ये क्रम असतो, आणि पॅचमध्ये काय बदललं याचीच हिस्ट्री ठेवता येते. पण जिथे पॅच शेवटी मेनमध्येच जाणार आहे तिथे मला त्याची गरज वाटत नाही, वरच्या कमांड पुरतात.

आता हे सगळं एकत्र कसं वापरते ते. पॅच अडकला आणि कारण आपली मेन ब्रँच असेल तर मी टॅग लावते, स्वतः रिबेस करते, बरेचसे कॉन्फ्लिक्ट रीरीरी भरतो, उरलेले मी सोडवते, मग जुन्या टॅगपासून नव्यापर्यंत रेंज-डिफ काढते आणि तो आउटपुट जसाच्या तसा पॅच देणाऱ्याला पाठवते, सोबत दोन ओळी, की मेनमध्ये अमुक बदल झाला म्हणून तुमचा पॅच लागत नव्हता, मी रिबेस केलाय, तुमच्या लॉजिकला हात लावलेला नाही, एवढ्याच ओळी बदलल्यात, बघून घ्या. त्याला फक्त त्या बदललेल्या ओळी वाचायच्या असतात. बहुतेक जण लगेच उत्तर देतात, आणि कधी कधी मी सोडवलेलं चुकलंय असंही सांगतात, कारण तो कोड त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. ते सुधारलं की पॅच मर्ज क्यूमध्ये जातो.